भाकरी घातली, तो कुत्रा आपला

“कुत्रा कुणाचा?”

तीस वर्षांहून अधिक नोकरी झाली. एवढ्या काळात हा प्रश्न मी किती वस्त्यांवर विचारला असेल याची गणती नाही. मोटारसायकल वस्तीच्या वाटेला वळली की गोठ्याआडून, उसाच्या कडेने दोन-तीन कुत्री भुंकत अंगावर येतात. मी गाडी उभी करतो, पाय वर घेतो आणि हाक मारतो, “अहो, कुत्रं आवरा!” घरातून कोणीतरी बाहेर येते, ढेकूळ उचलल्यासारखे करते आणि “काही करीत न्हाई सायेब, या तुम्ही,” असे म्हणून चहा टाकायला आत जाते. बाजेवर टेकल्यावर मी विचारतो, कुत्रा कुणाचा? उत्तर ठरलेले असते. “कुणाचा कशाचा? असतोय हितंच.”

शेतकरी बंधूंनो आणि मायबहिणींनो, या ‘असतोय हितंच’ची गंमत पाहा. सकाळी त्याला शिळी भाकरी मिळते, दुपारी ताकाचा गडगा चाटायला मिळतो. रात्री दोनला लाईट आली की मालकाच्या पुढे पुढे तोच बॅटरीच्या उजेडात पाणी धरायला जातो. त्याच्या भरवशावर आपण गोठ्याला कडी न लावता झोपतो. विहीर, बोअर, बांधावरचा आंबा, सगळ्याची सातबाऱ्यावर नोंद असते. या राखणदाराची मात्र कुठेच नोंद नाही. भाकरी घालताना तो आपला असतो आणि कुणाला चावला की तो कुणाचाच नसतो.

हे मी कशावरून म्हणतो ते सांगतो. २०२४ च्या जानेवारीत उसाच्या पाचटाचे प्रात्यक्षिक घ्यायला एका वस्तीवर गेलो होतो. तोड चालू होती. बांधाच्या पलीकडे ऊसतोड कामगारांच्या कोप्या पडलेल्या. एका कोपीपुढे सातेक वर्षांची मुलगी धाकट्या भावाला मांडीवर घेऊन बसली होती. पोटरीला फडके बांधलेले आणि त्यातून लालपिवळे पाणी झिरपत होते. विचारले तर म्हणाली, कुत्रं चावलं. कधी? परवा. फडके सोडून पाहिले तर दातांच्या चार खोल खुणा, आणि त्यावर मिरचीची पूड आणि चुना यांचा थर थापलेला.

ज्यांच्या शेतात पाचट पसरायचे होते ते शेतकरी माझ्या शेजारीच उभे होते. मी विचारले, “आबा, कुत्रा तुमचाच ना?” ते म्हणाले, “आमचा न्हाई सायेब, मोकाट हाय त्ये.” आता मला काय बोलावे सुचेना. दिवाळीत याच ओट्यावर बसून मी फराळ केला होता, आणि त्यांच्या कारभारणीने त्याच कुत्र्याला माझ्या देखत दुधात कालवून भाकरी घातली होती. आबा वाईट माणूस नव्हे. टोळीला पाणी त्यांच्याच बोअरचे, कोपीला मेढीही त्यांनीच दिलेल्या. पण ‘माझा’ म्हटले की दवाखान्याचा खर्च आला, मुकादमाशी तंटा आला, चार लोकांत मान खाली घालणे आले. तेव्हा हात झटकले.

मुलीची जखम साबणाने आणि बोअरच्या धारेखाली बराच वेळ धुतली. दोन दिवस उशीर झाला होता, पण उशिरा धुतलेलीही न धुतल्यापेक्षा बरी. मग तिला आणि तिच्या बापाला गाडीवर घेऊन प्राथमिक आरोग्य केंद्रात गेलो. लस मिळाली. परंतु जखम खोल, रक्त आलेले, म्हणजे जखमेच्या आत आणि भोवती दुसरे एक औषध टोचायला हवे होते. ते त्या दिवशी तिथे शिल्लक नव्हते. पुढे मोठ्या दवाखान्यात गेलो, तिथे मिळाले. दोन्ही ठिकाणी डॉक्टरांनी पहिल्या काही प्रश्नांतच विचारले, कुत्रा कुणाचा, त्याला लस टोचलेली आहे का, आणि आता तो कुठे आहे?

यातल्या एकाही प्रश्नाचे उत्तर आमच्यापाशी नव्हते. संध्याकाळी परत आलो तेव्हा वस्तीवर कुत्रे नव्हते. कुणी म्हणे पोरांनी दगडांनी हाणून पाटात टाकले, कुणी म्हणे पळून गेले. चावल्यानंतर दहा दिवस ते जिवंत आणि धडधाकट राहिलेले दिसले असते, तर त्या मायबापांचा घोर दहा दिवसांत मिटला असता. ते नाहीसे झाले आणि घोर लांबला.

टोळी पुढच्या आठवड्यात दुसऱ्या तालुक्यात जाणार होती. उचल घेतलेली माणसे, एक खाडा म्हणजे त्यांच्या हिशेबात खड्डा. मी दवाखान्याच्या कार्डावर मागच्या बाजूला पुढच्या सुयांच्या तारखा मोठ्या अक्षरांत लिहिल्या आणि मुकादमाच्या हाती दिल्या. शेवटच्या तारखेच्या आदल्या दिवशी तीनदा फोन केला. मुकादम भला माणूस, स्वतः घेऊन गेला. पोर सुखरूप आहे. परंतु त्या अठ्ठावीस दिवसांत तिची आई रात्री कशी झोपत असेल, हे मला घरच्या अनुभवाने कळत होते.

दुसऱ्याच्या अंगणाकडे बोट दाखवतो आहे असे वाटायला नको, म्हणून ती घरची गोष्टही सांगतो. १९८१ सालची. मी तेव्हा दहा-अकरा वर्षांचा. वडिलांनी धनगराच्या वाड्यावरून पायलीभर ज्वारी देऊन एक पिल्लू आणले होते. त्याचे नाव मोत्या. गळ्यात घुंगरू, दसऱ्याला कपाळाला गंध, पोळ्याला पुरणपोळीचा घास, असा त्याचा थाट. पावसाळ्यात एकदा एक परके कुत्रे वस्तीवरून गेले. मोत्या त्याच्याशी झोंबला आणि कान फाडून घेऊन आला. आईने हळद आणि तेल लावले. कान भरून आला, आणि आम्ही सगळे ते विसरून गेलो.

दीडेक महिन्याने मोत्या गप्प झाला. भाकरीला तोंड लावीना. गव्हाणीमागे अंधारात जाऊन बसला. खालचा जबडा लोंबू लागला, लाळ गळू लागली. भुंकायला गेला की घोगरा, फाटका आवाज यायचा. ज्याने जन्मात कुणाला दात लावला नाही तो मोत्या. माझे धाकटे काका म्हणाले, “घशात हाड अडकलं असंल.” आणि त्यांनी त्याच्या तोंडात हात घालून चाचपून पाहिले. हाड काही सापडले नाही. काकांच्या बोटांना आदल्या दिवशी बाभळीचे काटे ओरबाडलेले होते.

मोत्या तिसऱ्या दिवशी मेला. तालुक्याहून जनावरांची लस टोचायला आलेल्या माणसाने ही हकीकत ऐकली आणि तो वडिलांना म्हणाला, “अहो, ते हाड नव्हतं. कुत्रं पिसाळलं होतं.” मग धावाधाव. त्या काळी पोटात चौदा सुया टोचत. मेंढीच्या मेंदूपासून केलेली ती जुनी लस होती. काका रोज एस.टी.ने तालुक्याला जात आणि पोट धरून परत येत. काका वाचले, आज अठ्ठ्याहत्तर वर्षांचे आहेत. पण गव्हाणीवर बांधलेली आमची तिसऱ्या वेताची गाय वाचली नाही. मोत्याने कधीतरी तिच्या नाकाडाला दात लावला असणार, कुणाच्या ध्यानात आले नाही. महिन्याभराने ती वेड्यासारखी हंबरू लागली, खुंट्याला धडका देऊ लागली आणि चौथ्या दिवशी गेली. अकरा माणसांचे घर, सगळी तिचे दूध प्यायलेली. माझी आजी पुढे कित्येक महिने रोज रात्री आम्हा सगळ्या पोरांना ओळीने उभे करून तांब्याने पाणी पाजायची आणि प्रत्येकाच्या गळ्याकडे टक लावून बघायची. पिसाळलेल्या कुत्र्याचे विष अंगात भिनले की माणसाला पाणी गिळता येत नाही, हे तिने कुठेतरी पाहिले होते.

मोत्या मोकाट नव्हता. त्याच्यावर आमची माया कमी नव्हती. कुत्र्याला टोचायची लस तेव्हाही निघालेली होती. तालुक्याला ती मिळते का, एवढे विचारायलाही आमच्या घरातून कोणी गेले नव्हते.

आता हा रोग काय आहे ते थोडे समजून घेऊ. मी शेतीचा पदवीधर, पशुवैद्य नव्हे. पण हे एवढे प्रत्येक वस्तीला ठाऊक पाहिजे. याला इंग्रजीत रेबीज म्हणतात. रोगाचा विषाणू पिसाळलेल्या जनावराच्या लाळेत असतो. चावल्याने, ओरबाडल्याने किंवा उघड्या जखमेवर चाटल्याने तो आत शिरतो. तो रक्तातून पळत नाही, नसेच्या वाटेने हळूहळू मेंदूकडे चालतो. म्हणून बहुतेकांत रोग दिसायला एक ते तीन महिने लागतात. कधी आठवड्यातही दिसतो, तर कधी वर्ष उलटून जाते. तोंडाला, मानेला, हाताच्या बोटांना चावा असला तर धोका अधिक. एकदा का तो मेंदूत पोचला आणि लक्षणे दिसली, की मग मुंबई-पुण्याचा दवाखानाही काही करू शकत नाही. पण त्याच्या वाटचालीला वेळ लागतो, तेवढा वेळ आपल्या हातात असतो. लुई पाश्चर या फ्रेंच शास्त्रज्ञाने ६ जुलै १८८५ रोजी नऊ वर्षांच्या एका मुलाला पहिल्यांदा ही लस टोचली. मुलाला पिसाळलेल्या कुत्र्याने बऱ्याच ठिकाणी चावलेले होते, तरी तो वाचला. त्याला आता एकशे चाळीस वर्षे झाली, आणि आपल्याकडे माणसे अजून मरतात. जगात या रोगाने जे मरतात त्यांत दहांतले चार पंधरा वर्षांच्या आतली मुले असतात, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते.

पिसाळलेले कुत्रे म्हणजे लाल डोळ्यांनी धावत सुटलेले, दिसेल त्याला चावणारे, एवढेच चित्र आपल्या डोक्यात असते. दुसरा प्रकार मुका. आमच्या मोत्यासारखा. कुत्रे कोपऱ्यात बसते, जबडा पडतो, मागचे पाय लुळे होतात. असे कुत्रे दिसले तर घशात हाड शोधायला जाऊ नका. गाय, म्हैस, बैल यांनाही हा रोग होतो. जनावर चारा सोडून लाळ गाळते आहे, आवाज बदलला आहे, कुंथते आहे, असे दिसले तर तोंडात हात घालून औषध पाजण्याआधी डॉक्टरांना बोलवा.

कुत्रे चावले तर पहिले काम घरातच करायचे. जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटे धुवा. पंधरा म्हणजे घड्याळ लावून पंधरा. अंगाचा साबण चालेल, कपड्याचाही चालेल. या विषाणूभोवती चरबीचे पातळ वेष्टण असते, ते साबणाने फुटते. हळद, चुना, मिरची, चहाची पूड, बॅटरीतला मसाला, रॉकेल यातले काहीही लावू नका. जखमेची आग झाली म्हणजे विष जळाले, ही समजूत खोटी आहे. घट्ट पट्टी बांधू नका, आणि टाके घालायची घाई करू नका. मग त्याच दिवशी दवाखाना गाठा.

पोटातल्या सुयांची भीती अजून लोकांच्या मनात आहे. ती जुनी लस आपल्या देशात २००५ पासून वापरात नाही. आता दंडात सुई देतात. पहिली सुई घेतली तो दिवस शून्य धरून तिसऱ्या, सातव्या आणि अठ्ठाविसाव्या दिवशी पुढच्या सुया कातडीत देतात. स्नायूत देण्याची पद्धत असेल तिथे चौदावा दिवसही असतो. रक्त आलेली जखम असेल तर जखमेत टोचण्याचे ते दुसरे औषध डॉक्टरांना आठवणीने विचारा. ते पहिल्या दिवशीच मिळावे. नाहीच मिळाले तर लस सुरू झाल्यापासून सात दिवसांच्या आत तरी घेता येते. तारखा चुकवू नका. बरे वाटते आहे म्हणून शेवटची सुई सोडणारे मी पुष्कळ पाहिले.

मुलांच्या बाबतीत एक गोष्ट ध्यानात ठेवा. पिल्लाने बोट ओरबाडले तर मूल घरी सांगत नाही. “कशाला गेलतास त्याच्या नादी?” असे म्हणून आधी थोबाडीत बसते, हे त्याला पक्के माहीत असते. तेव्हा घरात सांगून ठेवा की कुत्र्याचा दात किंवा नख लागले तर सांगायचे, मार बसणार नाही. आणि तो शब्द पाळा.

पाच-पन्नास गावांत एखादे तरी ठिकाण असते जिथे कुत्रा चावल्यावर मंत्रून गूळ देतात किंवा झाडपाला पाजतात. लोक म्हणतात, आमच्या अमक्याला गुण आला. गुण येणारच, कारण चावणारे प्रत्येक कुत्रे पिसाळलेले नसते. शंभर जणांना साधीच कुत्री चावली तर शंभरही जण गूळ खाऊन जगतील. जे कुत्रे खरोखर पिसाळलेले होते, त्याच्या चाव्याचा माणूस परत गुण सांगायला येत नाही. देवाला जायचे असेल तर जा, पण वाटेत आधी दवाखाना लागतो असे समजा.

जनावराला चावले तरी हेच. जखम हातमोजे घालून साबणाने धुवा, आणि पशुवैद्यकीय दवाखान्यातून सुयांचा पूर्ण क्रम घ्या. गाईम्हशींनाही चावल्यानंतरची लस आहे, हे पुष्कळांना माहीतच नसते. आणि पिसाळलेल्या जनावराचे दूध उकळून घेतलेले असेल तर घाबरून जायचे कारण नाही. धारोष्ण दूध मात्र पिऊ नये. कुणी प्यायले असेल तर त्याने डॉक्टरांना सांगावे. माझ्या आजीला त्या वेळी एवढे कुणी सांगितले असते तर बिचारी सुखाने झोपली असती.

हे सगळे चावल्यानंतरचे झाले. चावण्याआधीचे काम कुत्रा पाळणाऱ्याचे, म्हणजे भाकरी घालणाऱ्याचे. पिल्लू तीन महिन्यांचे झाले की लस, त्यानंतर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा एकदा, आणि मग दर वर्षी एकदा. वर्षाची आठवण राहत नाही म्हणतात. मी सांगतो, बैलपोळ्याशी गाठ घाला. बैल रंगवले की कुत्र्याला सुई. कार्ड जपून ठेवा, रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवा. परवाच्या मुलीच्या वेळी आम्हाला हवा होता तो कागद तोच.

खर्चाचे म्हणाल तर सरकारी पशुवैद्यकीय दवाखान्यात आणि शिबिरात हे काम कमी खर्चात होते. उसाला एक गोणी खत कमी टाकून चालत नाही म्हणणाऱ्याने या खर्चाची तक्रार करू नये.

आता जरा अवघड विषय. आपल्याकडे कुत्री, म्हणजे मादी, कुणी पाळायला मागत नाही. सगळ्यांना ‘गडी’ हवा. मग मादी पिल्ले गोणीत घालून बाजारच्या गावाला, नाहीतर देवळापाशी सोडून येतात. सोडणाऱ्याला वाटते जीव वाचवला. कुत्री वर्षातून साधारण दोनदा माजावर येते, दोन महिन्यांच्या गाभणकाळानंतर चार-सहा पिल्ले देते. गोणीतली ती दोन पिल्ले दोन वर्षांनी किती होतील याचा हिशेब घरी पोरांना घालायला द्या. आणि ती कुठल्या गावाला जातील? तुमच्याच. मादी असो की गडी, तिचे ऑपरेशन करून घ्या. ऑपरेशनने कुत्रे राखणीला मंद होते ही समजूत आहे, पण अनुभव तसा नाही. उलट गडी कुत्रे माजाच्या मागे पाच-पाच मैल भटकत नाही, भांडत नाही, वस्तीवरच राहते. मोत्याचा कान ज्या भांडणात फाटला, तसली भांडणे बरीच कमी होतात.

जत्रेच्या दिवसांत बोकडे पडतात. काळीज-फुप्फुसावर पाण्याचे फोड दिसले की तो तुकडा आपण कुत्र्यापुढे टाकतो. तसे करू नका. त्या फोडांत एका बारीक पट्टकृमीचे बीज असते. ते कुत्र्याच्या आतड्यात वाढते, त्याची अंडी कुत्र्याच्या विष्ठेतून अंगणात, भाजीवर, पोरांच्या हाताला लागतात, आणि तेच फोड पुढे माणसाच्या यकृतात आणि फुप्फुसात होतात. असला भाग खोल पुरावा किंवा जाळावा. कुत्र्याला दर तीन महिन्यांनी जंताचे औषध द्यावे. पिल्लांना तीन महिन्यांची होईपर्यंत दर पंधरा दिवसांनी. आणखी एक, कुत्र्याला कडब्याच्या गंजीवर किंवा मुरघासाच्या ढिगावर झोपू देऊ नका. कुत्र्याच्या विष्ठेतून चाऱ्यात जाणाऱ्या निओस्पोरा नावाच्या एका सूक्ष्म जंतूने गाई मध्यावरच गाभ टाकतात. पाचव्या-सहाव्या महिन्यात गाभ जायला लागले तर दृष्ट काढण्याबरोबर हेही तपासून घ्यावे.

माझ्या खात्याशी जवळची गोष्ट म्हणजे कीटकनाशके. कुत्र्याला गोचिड्या झाल्या की पिकावर फवारायचे औषध फडक्याने अंगाला पुसणारे शेतकरी मी पाहिले आहेत. कुत्रे अंग चाटते, तासाभरात तोंडाला फेस येतो, झटके येतात. आणि लोक म्हणतात पिसाळले, मारा! गोचिडीचे औषध वेगळे मिळते, जनावरांच्या डॉक्टरांना विचारून तेच वापरा. उंदरांची विषारी गोळी घराच्या कडेला ठेवलीत तर कुत्रे आधी बांधा, आणि मेलेले उंदीर गोळा करून पुरा. औषधाच्या रिकाम्या डब्यात कुत्र्याला पाणी ठेवणे तर महापाप. खाण्यापिण्यात फार सोंगे नकोत. भाकरी, ताक, कधी अंडे, एवढ्यावर वस्तीचे कुत्रे छान राहते. फक्त कांदा आणि द्राक्षे घालू नका. आपल्या भागात दोन्हींचे ढीग असतात, पण कुत्र्याला दोन्ही बाधतात.

जुन्नर, अकोले, संगमनेर या बाजूच्या वाचकांना बिबट्याविषयी मी सांगायला नको. अकोले तालुक्यात बिबट्याच्या विष्ठेवरून त्याचे खाणे तपासले गेले. तो अभ्यास २०१४ साली प्रसिद्ध झाला. त्यात वजनाच्या हिशेबाने बिबट्याच्या खाण्यातला सुमारे ३९ टक्के वाटा कुत्र्यांचा निघाला. म्हणजे उसाच्या कडेला रात्री साखळीने बांधलेले कुत्रे म्हणजे पानात वाढून ठेवलेला घास. त्याला पळताही येत नाही. धनगर आपल्या कुत्र्याच्या गळ्यात खिळ्यांचा पट्टा घालतो तो उगीच नव्हे. रात्री कुत्र्याला गोठ्याच्या जाळीच्या आत घ्या. आतून भुंकले तरी जाग येते. आणि दिवसभर दोन हाताच्या साखळीवर ठेवलेले कुत्रे चिडके होते, सुटले की आधी चावते. सावली, पाणी आणि रोज थोडे मोकळे फिरणे हा त्याचा हक्क समजा. १९६० च्या प्राण्यांवरील क्रूरतेविरुद्धच्या कायद्यातही कुत्र्याला कायम बांधून ठेवणे आणि जनावर बेवारस सोडून देणे हे गुन्हेच आहेत. तसेच आपल्या ताब्यातल्या जनावरापासून माणसाला इजा होऊ नये एवढी काळजी जो घेत नाही, त्याला जुलै २०२४ पासून लागू झालेल्या न्याय संहितेप्रमाणे सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड होऊ शकतो. कायद्याचा धाक घालायला मी हे लिहीत नाही. पण ‘आमचा न्हाई’ म्हणून सुटका होते असे कुणी समजू नये.

खंडोबाचे कुत्रे आपल्याला चालते, दत्ताच्या पायाशी चार कुत्री असतात त्यांना आपण हात जोडतो, आणि भाकरी पळवणाऱ्या कुत्र्यामागे नामदेव तुपाची वाटी घेऊन धावले ती गोष्ट आपण कीर्तनात डोळे पुसत ऐकतो. एवढे असून म्हातारे झालेले, खरूज लागलेले कुत्रे वस्तीवरून हाकलताना कुणाचा हात अडखळत नाही, याचे मला नवल वाटते. दहा-बारा वर्षे राखण केलेल्या जिवाला शेवटच्या पावसाळ्यात गोठ्याच्या कडेला एक कोरडे पोते मिळावे, आणि मेल्यावर पाटात न टाकता बांधाच्या कडेला खोल खड्डा मिळावा.

त्या जानेवारीनंतर मी आबांच्या वस्तीवर बरेच दिवस गेलो नाही. थोडा राग होता, खरे सांगायचे तर. २८ सप्टेंबर हा पाश्चरचा स्मृतिदिन, तो रेबीज दिन म्हणून पाळतात. त्या आठवड्यात गावच्या शाळेत कुत्र्यांच्या लसीचे शिबिर ठेवले होते. पशुधन पर्यवेक्षकांना माणूस कमी होता म्हणून वहीत नोंदी करायला मी बसलो. पोरे दोरीने, कुणी पट्ट्याने, कुणी आईच्या जुन्या साडीच्या काठाने कुत्री ओढून आणत होती. दहाच्या सुमारास आबा आले. बगलेत चार महिन्यांचे तांबडे पिल्लू, मागे कारभारीण.

वहीत पहिला रकाना मालकाच्या नावाचा होता. मी पेन धरून वर पाहिले. आबा जरा थांबले, टोपी सारखी केली आणि आपले पूर्ण नाव, गट नंबरासकट, सांगितले. गट नंबराला रकाना नव्हता, तरी मी तो लिहिला.

“कुत्र्याचं नाव?”

ते काही अजून ठेवलेले नव्हते. आबा कारभारणीकडे बघू लागले. तिने पदर सावरला, पिल्लाच्या डोक्यावर हात ठेवला आणि म्हणाली, “लिव्हा सायेब, वाघ्या. आन् पुढची तारीख मोठ्या अक्षरात लिव्हा, यांना चष्म्याबिगर दिसत न्हाई.”